गोदामातला कुत्रा आणि चंद्रकळा

चौदा जानेवारी, संक्रांत. सकाळची वेळ. ऊन गच्चीच्या कठड्यावरून अंगणात उतरलेलं.

घरात हजर: सासूबाई, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून तिळाचे लाडू वळत बसलेल्या. लेक, हॉलमध्ये जमिनीवर. तिच्या मांडीला डोकं टेकून कुत्रा. नवरा वर गच्चीत, पतंग उडवत. मी आतल्या खोलीत साडी नेसत होते. यायच्या होत्या त्या हळदीकुंकवाच्या बायका, सगळ्या आमच्यासारख्याच नोकरीपायी जयपूरला आलेल्या मराठी घरांतल्या. त्या उशिरा निघाल्या, हे आमचं नशीब.

मी याद्या करणारी बाई आहे. रुग्णालयात ऑपरेशन थिएटरच्या नर्सिंगचं काम माझ्याकडे आहे. तिथे जे आत जातं ते मोजून जातं आणि मोजूनच बाहेर येतं. ही सवय घरीही आली आहे आणि घरचे तिला हसतात. संक्रांतीची यादी मात्र त्यांनीही नीट वाचली होती, कारण ती कुत्र्याची होती. जयपुरात संक्रांत म्हणजे पतंग. उजाडायच्या आत आमच्या जगतपुऱ्यातल्या प्रत्येक गच्चीवर भोंगे सुरू होतात. गाणी, थाळ्या बडवणं, ‘वो काटा’ची आरोळी, दिवसभर. बिथरणारं जनावर घरात असेल तर तयारी आधीपासून करावी लागते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, बाहेरचा आवाज दबावा म्हणून टीव्ही चालू, उजाडण्याआधी लांब फेरी, पोटभर खाणं, सोबतीला लेक. सगळ्यावर खुणा झाल्या होत्या. शेजारच्या गच्चीवरून भोंगा ओरडला तेव्हा त्याने नुसता एक कान हलवला.

म्हणून मी निश्चिंतपणे चंद्रकळा नेसले.

आमच्या घरात सणाला काळं चालत नाही. सासूबाई कराडच्या. काळं घालून देवापाशी गेलं तर अजून ओरडतात. संक्रांत तेवढी सुटलेली. थंडीत काळं ऊब धरतं म्हणून त्या दिवशी काळीच साडी. ही साडी त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची, काळीभोर, अंगभर बारीक चांदण्या. वर्षातून एकदा बाहेर निघते. मी पदर खांद्यावरून पुढे घेतला, वाणाचं ताट उचललं आणि हॉलचं दार उघडलं.

पुढचं सांगण्याआधी हा कुत्रा आमच्याकडे कसा आला ते सांगते.

लेक कॉलेज सांभाळून एका प्राण्यांच्या आश्रयघरात मदतीला जाते. दिवाळीच्या आधी तिने विषय काढला. सांगानेरच्या एका कापडाच्या गोदामातून सोडवून आणलेला, तांबडा, हाडापेराने मोठा कुत्रा. साखळी गळ्यात रुतून मांसात गेली होती, ती कापून काढावी लागली. त्यानंतर दोन घरांनी नेला आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडला.

“का सोडला?” मी विचारलं.

“मतलब… चावतो तो, आई.”

“किती?”

“बघ ना, किती म्हणजे काय! चावतो मतलब चावतो.”

आम्ही बघायला गेलो. आश्रयघर चालवणाऱ्या बाईंनी काही लपवलं नाही. “भाभीजी, दिल का अच्छा है,” त्या म्हणाल्या, “पर दाँत पहले चलाता है, सोचता बाद में है.” तिसऱ्यांदा परत आला तर त्याला दुसरं घर शोधणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. मग जन्मभर पिंजरा, आणि पिंजऱ्यात तो स्वतःचेच पाय चावून काढतो. डॉक्टरांशी त्याबद्दल बोलणं झालं होतं. म्हणजे इंजेक्शन. मला समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याला घरी आणलं. घरात प्रत्येकाने त्याचं नाव वेगळं ठेवलं. लेक ‘भाई’ म्हणते, नवरा ‘साहेब’, सासूबाई ‘मेल्या’. तिन्ही हाकांना तो येतो. मी नुसती चुटकी वाजवते.

पहिल्याच आठवड्यात रक्त निघालं. नवरा इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो, स्कूटरवरून येतो. त्या दिवशी हेल्मेट न काढताच घरात शिरला. कुत्रा सोफ्यामागून आला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. सरळ पोटरी धरली आणि डोकं झटकलं, जसं एखादं फडकं झटकावं. नवरा दारातच आडवा झाला. मी कुत्र्याची मागची तंगडी धरून ओढत होते, सासूबाई आतून पाण्याची घागर घेऊन आल्या आणि ती त्यांनी कुत्र्याऐवजी मुलाच्या तोंडावर ओतली.

“मेल्या, सोड! माझ्या पोराचा पाय आहे तो!”

त्याने सोडलं, कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मारायला येणाऱ्याला पाठ द्यायची, हे तो कुठेतरी शिकला होता.

नवऱ्याने पोटरीला पट्टी बांधून घेतली. मग म्हणाला, “एकदा माफ. परत घरातल्या कुणाचं रक्त निघालं तर तो जाणार. त्यात चर्चा नाही.”

आम्ही तिघींनी हो म्हटलं. मीही म्हटलं. नियम बरोबर होता.

त्यानंतरचे महिने मारामारीचेच गेले. फेरीला नेताना एकदा त्याचा पट्टा निसटला आणि तो गल्लीतल्या कुत्र्यांमध्ये घुसला. ते चार-पाच, हा एकटा. एकाचा कान तोंडात धरून हा फिरत होता, बाकीचे याच्या पोटाला लागले होते. कोपऱ्यावरच्या बांधकामावरचे गडी बांबू घेऊन धावले. सोडवायला नव्हे. ज्याच्या हाती जो लागेल त्याला हाणायला. एक कुत्री कमरेतून मोडली आणि मागचे पाय ओढत नाल्याकडे गेली. मी आमच्या कुत्र्यावर आडवी पडले, एक बांबू माझ्या पाठीत बसला. “अरे, मैडम को लग गया!” असं म्हणून गडी हसू लागले. समोरचे निवृत्त गृहस्थ गेटमध्ये उभे राहून बघत होते.

“भाभीजी,” ते म्हणाले, “ये कुत्ता नहीं है, केस है. एक दिन थाने जाना पड़ेगा.”

“जाऊंगी तो आपको साथ ले जाऊंगी, भाईसाहब. गवाह आप ही हैं.”

ते आत गेले.

त्याच्यावर काम कसं केलं ते थोडक्यात सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येतो. ज्या वस्तूला तो बिथरतो ती वस्तू खूप लांब ठेवायची, त्याला दिसेल पण अंगावर येणार नाही इतकी. दिसली की उकडलेली कलेजी. वस्तू गेली की कलेजी बंद. मग वस्तू थोडी जवळ. हेल्मेट असं जवळ आणलं. झाडू, पाण्याचा पाइप, मिटलेली छत्री, फरशी पुसायचा लांब दांड्याचा वायपर. मध्ये कितीदा तरी सगळं उलटं जायचं. छत्रीचे तुकडे झाले. पाइप दोनदा नवा आणला. माझ्या सलवारींचे काठ गेले. त्याच्या तोंडाला जाळीची टोपी बांधून काम करायचं, हे आम्ही छत्रीनंतर शिकलो. पण डिसेंबर संपता संपता नवरा हेल्मेट घालून घरात यायचा आणि कुत्रा शेपटी हलवत त्याच्यापाशी कलेजी मागायचा. सासूबाई लाडू वळताना तो त्यांच्या पायाशी बसायला लागला. “मेल्या, तीळ नाही देणार हं तुला, खोकला होईल,” त्या त्याला सांगायच्या.

तर, संक्रांत. मी दार उघडलं.

त्याने मान उचलली. माझ्याकडे बघितलं. मी चुटकी वाजवली. त्याचे डोळे बदलले ते मला दिसलं, पण ताट हातात होतं आणि मी पुढे चालतच राहिले. पदर चालताना हलत होता. तो लेकीच्या मांडीवरून उठला आणि आडव्या उडीने माझ्या अंगावर आला.

ताट भिंतीवर गेलं. हळदकुंकू, तीळ, बांगड्या, सगळं. त्याने आधी पदर धरला, ओढून मला गुडघ्यावर आणलं, मग पदर सोडून डावा हात धरला, कोपराच्या खाली. दात हाडाला लागलेले मला आतून कळले. ऐकूही आले. मी त्याला हाक मारली नाही. मला आठवतं, मी मनात म्हणत होते, ओढू नकोस, ओढलं की फाटतं. हात त्याच्या तोंडात आत ढकलायचा असतो. मी ढकलला. तो झटकत राहिला.

लेक ओरडत होती, “भाई! भाई, आई आहे! आई आहे ती!” तिने त्याच्या गळ्याला मागून मिठी मारली होती आणि तो तिलाही फरफटत होता. सासूबाईंनी लाडवाचं पातेलं त्याच्या डोक्यात घातलं. पातेल्याला पोचा पडला, अजून आहे. बाहेर भोंग्यावर कुणीतरी पतंग कापला म्हणून नाचत होतं.

नवरा जिन्यावरून धावत आला. बोटांना मांज्याने कापू नये म्हणून चिकटपट्ट्या लावलेल्या. जिन्याखालचा वायपर त्याने उचलला आणि कुत्र्याच्या पाठीवर घातला. तिसऱ्या-चौथ्या तडाख्याला कुत्र्याने माझा हात सोडला. तो भिंतीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. नवरा मारतच होता. वर्गात आवाज न चढवणारा माणूस. वायपरचा दांडा मोडला, तर उरलेल्या तुकड्याने मारत होता. कुत्रा ओरडत नव्हता. हालतही नव्हता. प्रत्येक फटक्याला फक्त त्याचे कान मागे जात होते.

“अहो, सोडलंय त्याने,” मी म्हटलं. “सोडलंय. बास.”

नवऱ्याला ऐकू गेलं नाही. सासूबाईंनी त्याचा दंड धरला तेव्हा तो थांबला, आणि हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

मग मी मला येतं ते केलं. नळाखाली हात धरला, साबण लावला, घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं पाणी सोडलं. लेकीला रुग्णालयात फोन लावायला सांगितलं. सासूबाईंना दारात उभं केलं, बायका आल्या तर गाडीतूनच परत पाठवायच्या म्हणून. “काय सांगू?” त्यांनी विचारलं. “सांगा, मी पडले.” कुत्र्याला नवऱ्याने मागच्या अंगणात नेऊन भिंतीतल्या कडीला साखळीने बांधलं. साखळी आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा. तो स्वतःहून मान खाली घालून गेला.

हाताला भोकं होती, खोल. असल्या जखमा लगेच शिवत नाहीत. उघड्याच ठेवतात. कुत्र्याला लस दिलेली होती, तरी मी माझी सगळी इंजेक्शनं घेतली. ज्या डॉक्टरांनी हात बघितला ते म्हणाले, “सिस्टर, करंगळी हलवा.” ती हलत होती, उशिरा, पण हलत होती. ती अजूनही बाकीच्या बोटांच्या मागून हलते.

मी घरी आले. समोरचे गृहस्थ रक्ताचे डाग पायरीवर बघून येऊन गेले होते. त्यांचा एक ओळखीचा माणूस आहे, तो गोणी घेऊन येतो आणि विचारत काही नाही, असं नवऱ्याला सांगून गेले. नवऱ्याने त्यांना चहा देऊन वाटेला लावलं. नियम सगळ्यांना पाठ होता. रविवारपर्यंत थांबू आणि सोमवारी डॉक्टरांकडे नेऊ, एवढंच तो म्हणाला. लेक तिच्या खोलीत गेली आणि दार आपटलं. मी सोमवारच्या यादीत लिहिलं, कुत्रा. त्याच्यापुढे काय लिहायचं ते सुचलं नाही, तेवढंच ठेवलं.

रविवारी मी मागच्या अंगणात बसले होते, उन्हात, हात गळ्यात बांधून. सोमवारी न्यायचाच होता. आदल्या दिवशी त्याच्यापाशी कुणीतरी बसायला हवं, असं मला वाटत होतं. सुरुवातीला मी लांब बसले. मग तो साखळीच्या टोकापर्यंत आला, पोटावर आडवा झाला आणि त्याने हनुवटी माझ्या चपलेवर ठेवली. पाठीवर वळ होते, फुगलेले. बँडेजला रक्ताचा वास येत होता, माझ्याच नाकाला येत होता. त्याने तो हुंगला आणि डोळे मिटले. मला त्याची भीती वाटेना. माझी हीच अडचण होती. चावणाऱ्या कुत्र्यात काहीतरी दिसायला हवं, आणि याच्यात काही दिसत नव्हतं.

सासूबाई बादली घेऊन आल्या. त्यांनी चंद्रकळा तीन दिवस मिठाच्या पाण्यात घातली होती, डाग जावेत म्हणून. “तू बस, मी टाकते वाळत,” म्हणाल्या. “या मेल्याच्या साखळीच्या बाहेरच टाकते.” त्यांनी साडी तारेवर उलगडली, चिमटे लावले आणि आत वळल्या.

वारा आला. काळी साडी फुगली आणि आमच्या दिशेने उठली.

माझ्या चपलेवरचं ओझं गेलं. साखळी खणकन ताणली गेली, आणि दुसऱ्या झेपेला भिंतीतली कडी प्लॅस्टरच्या ढेकळासकट बाहेर आली. त्याने साडी तारेवरून खाली ओढली. तार तुटली. तो तिच्यावर चढला आणि फाडू लागला. कुत्री खेळताना कापड फाडतात ते मी पाहिलं आहे. हे तसं नव्हतं. तो धरायचा, झटकायचा, मागे उडी मारायचा, कापड हललं की परत तुटून पडायचा. तोंडातून फेस येत होता. साखळीचं टोक फरशीवर आपटून ठिणग्या निघाव्यात असं वाजत होतं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. एका हाताने अधू, वाटेत, रक्ताच्या वासाची. त्याने माझ्याकडे बघितलंदेखील नाही. फाडता फाडता त्याला लघवी झाली. त्याच्याच पायांवर, साडीवर, आणि ती होत असतानाही तो फाडत राहिला.

मग साडी हलेनाशी झाली आणि तो भिंतीपाशी गेला. पाठ करून उभा राहिला. वाट बघत.

सासूबाई दारात होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या चिंध्यांपाशी वाकल्या, एक तुकडा उचलला, झटकला, परत टाकला.

“पन्नास वर्षं जपली होती मी,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “अगं, तो तुला कुठे चावला? तो हिला चावला. तू आत होतीस.”

लेकीचे काळे टी-शर्ट घरभर लोळत असतात. त्याने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. म्हणून काळ्याचा संशय आम्हाला आला नाही. पण काळं, अंगभर, आणि हलत जवळ येणारं असं त्याने आमच्या घरात कधी पाहिलंच नव्हतं. मी एरवी साडी नेसत नाही. नेसले तरी सासूबाई काळी नेसू देत नाहीत. मराठी घर नसतं तर संक्रांतीलाही ती वेळ आली नसती.

मी आश्रयघराच्या बाईंना फोन केला. गोदामावर त्याला मारायचे ते कसं, एवढंच विचारलं.

“वो चौकीदार था ना,” त्या म्हणाल्या, “पहले अपना कंबल डालता था इसके ऊपर, कि काटे नहीं. फिर डंडा.”

“कंबल का रंग?”

“काला,” म्हणाल्या. “काला ही था. भाभीजी, ये तो हमने कभी सोचा ही नहीं.” मग स्वतःहून म्हणाल्या की त्याला सोडवून आणताना त्यांनीही तीच कांबळ वापरली होती. जवळ तीच होती.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं जेवायच्या टेबलाशी बसलो. चंद्रकळेच्या चिंध्या सासूबाईंनी धुऊन, घडी घालून मधोमध ठेवल्या होत्या. पुरावा म्हणून ठेवल्या की सुतक म्हणून, ते मी विचारलं नाही.

“नियम आपणच केला होता,” नवरा म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “आणि मला तो मान्य होता. पण आता कारण माहीत आहे. हेल्मेटचं होतं, हे कापडाचं आहे. हेही काम करता येईल.”

“आणि तू नसशील साडीत? त्या बायकांपैकी कुणी असेल? कुणाचं लहान मूल कडेवर असेल?”

लेक म्हणाली, “पप्पा, प्लीज ना.”

“प्लीजने दात बंद होत नाहीत.” तो चिकटपट्ट्या काढलेल्या बोटांकडे बघत होता. “त्याने हात सोडला होता,” तो म्हणाला. “मला दिसलं होतं. सोडल्यावर मी जास्त मारलं. का, ते मला सांगता येत नाही.”

सासूबाईंनी त्याच्या ताटात आमटी वाढली.

“पुढची संक्रांत,” तो शेवटी म्हणाला. “हळदीकुंकू याच घरात, याच हॉलमध्ये, सगळ्या काळ्या साड्यांत, आणि तो मोकळा. जमलं तर राहील. नाही जमलं तर मी स्वतः नेईन त्याला डॉक्टरांकडे, आणि तुम्ही कुणी अडवायचं नाही.”

हा नवा नियम. यालाही आम्ही हो म्हटलं.

चिंध्या वाया घालवल्या नाहीत. रुमालाएवढा तुकडा अंगणाच्या पार टोकाला विटेखाली ठेवला, इकडे कलेजी. तो आठवडाभर खायलाच तयार नव्हता. मग खायला लागला. तुकडा जवळ आला, मोठा झाला. खुर्चीला बांधला, तर त्याने खुर्ची पाडली आणि तिचा पाय चावून मोडला. परत रुमालापासून सुरुवात. उन्हाळ्यात तुकडा दोरीला लावून हलवायला लागलो, तेव्हा जाळीची टोपी बांधलेली असूनही त्याने मला मांडीत अशी धडक दिली की मी तुळशीच्या कट्ट्यावर आपटले. पावसाळ्यात मी चिंधी ओढणीसारखी खांद्यावर घेऊन त्याच्यासमोर बसू शकले. तो लांब बसून थरथरत होता, पण बसला होता. समोरचे गृहस्थ गच्चीतून हे सगळं बघत असायचे. एकदा म्हणाले, “भाभीजी, इतनी मेहनत में तो बच्चा डॉक्टर बन जाता है.”

दिवाळीनंतर सगळ्या चिंध्या सासूबाईंनी हाताने शिवून त्यांची एक चादर केली. वाकडीतिकडी, चांदण्या कुठेही. ती अंगाला गुंडाळून मी दारातून आत आले. तो उठला. झेप घेतली. अर्ध्यावर थांबला, म्हणजे पाय फरशीवर घसरत थांबवले, आणि तिथेच उभा राहून त्याने माझ्याकडे बघितलं. मी चुटकी वाजवली. तो आला नाही. पण त्याने पाठही केली नाही.

त्यानंतर तीनदा केलं. दोनदा थांबला. एकदा नाही. त्या वेळी टोपी नसती तर काय झालं असतं, ते माझ्या मांडीवरचा निळा डाग सांगत होता. नवऱ्याने तो डाग पाहिला. कॅलेंडरकडे मात्र त्याने पाहिलं नाही, निदान माझ्यासमोर.

आता थंडी पडली आहे. गल्लीतल्या दुकानांत पतंग लटकायला लागले आहेत. बायकांना आमंत्रणं गेली आहेत, आणि काय घडू शकतं ते मी प्रत्येकीला फोनवर सांगितलं आहे. गेल्या वर्षी मी पडले नव्हते, हेही. दोघी येणार नाहीत. बाकीच्या येते म्हणाल्या. एकीने विचारलं, “काळीच नेसायची का गं नक्की?” मी म्हटलं, काळीच.

सासूबाईंच्या भाचीने कराडहून नवीन चंद्रकळा पाठवली आहे. कपाटात घडीची घडी आहे. चादर नाही, चिंधी नाही, खरी साडी, काठपदर असलेली, नेसल्यावर झुळझुळणारी. ती नेसून, टोपी न बांधता, दार उघडून चालत त्याच्यापर्यंत जायचं, एवढंच उरलं आहे. संक्रांतीच्या आधी एकदा तरी करायला हवं.

“नेस की आज,” सासूबाई काल म्हणाल्या. कुत्रा त्यांच्या पायाशी होता.

“फॉल लावायचा राहिलाय,” मी म्हटलं.

“मग लाव.”

दोरा आणून ठेवला आहे. फॉलही धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवला आहे. साडीला फॉल लावायचा आहे.